आजीची भाषा नातवाला कळेना! सिंगापूरच्या भाषा धोरणाने काय कमावलं, काय गमावलं?

२०१६ सालची गोष्ट. सिंगापूरच्या टीव्हीवर एक नवी मालिका सुरू झाली. तिच्या नावाचा अर्थ होता 'जेवलात का?' मालिका होक्किएन बोलीत होती. होक्किएन म्हणजे सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या लोकांची एकेकाळची सगळ्यात मोठी बोली.

ही मालिका कुठल्या हौशी कलाकाराच्या डोक्यातून आली नव्हती. तिच्यामागे थेट सरकार होतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारने आरोग्याच्या आणि मदतीच्या योजना आणल्या होत्या, पण त्यांची माहिती म्हाताऱ्या माणसांपर्यंत नीट पोचत नव्हती. त्यातल्या अनेकांना इंग्रजी येत नव्हतं आणि मँडरिनही जेमतेमच कळत होतं. मग सरकारने ठरवलं, त्यांना कळेल त्या बोलीत मालिका काढायची आणि गोष्टीच्या ओघात योजना समजावून सांगायच्या.

आता यात विशेष काय? तर होक्किएनमधली अशी मालिका तिथे तीसहून जास्त वर्षांनी दिसत होती. कारण याच सरकारने १९७९ नंतर होक्किएनसकट सगळ्या चिनी बोली टीव्ही आणि रेडिओवरून हद्दपार केल्या होत्या.

आपल्याकडे शाळेत कुठल्या भाषा शिकवायच्या यावरून वाद पेटला की कुणीतरी सिंगापूरचं उदाहरण देतंच. "बघा, त्यांनी इंग्रजी धरली आणि कुठच्या कुठे गेले." हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेली अर्धी गोष्ट घराघरातल्या आजी-आजोबांची आहे.

एवढासा देश, पण भाषा किती?

९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं. लोकसंख्या सुमारे १९ लाख. त्यात साधारण तीन चतुर्थांश लोक चिनी वंशाचे, त्याखालोखाल मलाय आणि मग भारतीय.

पण 'चिनी' म्हणजे एक भाषा असं अजिबात नव्हतं. कुणी होक्किएन बोलायचं, कुणी तिओच्यू, कुणी कँटोनीज, कुणी हक्का, कुणी हैनानीज. यांना बोली म्हणतात, पण होक्किएन बोलणाऱ्याला कँटोनीज ऐकून सहज कळेल असं नाही. १९५७ च्या जनगणनेत सुमारे ३० टक्के लोकांनी होक्किएन ही आपली मातृभाषा सांगितली होती. मँडरिन सांगणारे एक टक्कासुद्धा नव्हते.

मँडरिन ही मुळात उत्तर चीनमधली भाषा. सिंगापूरला आलेले बहुतेक चिनी लोक दक्षिण चीनमधले. त्यांच्यासाठी मँडरिन ही चिनी माध्यमाच्या शाळेतली आणि पुस्तकातली भाषा होती.

भारतीयांमध्ये तमिळ सगळ्यात जास्त. पण मल्याळी, पंजाबी, गुजराती, बंगाली आणि इतरही लोक होते. मग बाजारात सगळे एकमेकांशी बोलायचे कसे? मोडक्यातोडक्या बाजारी मलायमध्ये, नाहीतर होक्किएनमध्ये. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचं काम चालायचं.

इंग्रजीच का?

नव्या देशासमोर दोन मोठे प्रश्न होते. पहिला शांततेचा. १९६४ मध्ये चिनी आणि मलाय लोकांमध्ये दोनदा दंगली झाल्या होत्या आणि त्यात तीसहून जास्त माणसं गेली होती. चिनी बहुसंख्य आहेत म्हणून चिनी भाषा सगळ्यांवर लादली असती तर आग पुन्हा भडकायला वेळ लागला नसता.

दुसरा प्रश्न पोटापाण्याचा. देशाकडे शेती नाही, खनिजं नाहीत. ब्रिटिशांचे लष्करी तळ हा रोजगाराचा मोठा आधार होता आणि १९७१ पर्यंत ब्रिटिश तोही आवरत होते. परदेशी कंपन्या आणायच्या तर त्यांच्याशी बोलता येईल अशी माणसं लागणार होती.

पंतप्रधान ली कुआन यू यांच्या सरकारने इंग्रजीला कामकाजाची मुख्य भाषा केलं. ती कुणाचीच भाषा नव्हती, त्यामुळे कुणा एका समाजाला आयता फायदा मिळणार नाही, असं त्यामागचं गणित होतं. मलाय ही राष्ट्रभाषा राहिली, राष्ट्रगीत आजही मलायमध्येच आहे. मलाय, मँडरिन, तमिळ आणि इंग्रजी अशा चार भाषांना अधिकृत दर्जा मिळाला.

शाळांसाठी सूत्र ठरलं ते दोन भाषांचं. एक इंग्रजी आणि एक 'मातृभाषा'. इंग्रजी नोकरीधंद्यासाठी आणि मातृभाषा संस्कारांसाठी, मुळाशी नातं राहावं म्हणून. ऐकायला अगदी शहाणपणाचं सूत्र. गोची झाली ती 'मातृभाषा' या शब्दात.

मातृभाषा ठरली कागदावरून

सिंगापूरमध्ये शाळेतली मातृभाषा ठरवताना घरात काय बोलतात हे विचारलं गेलं नाही. मूल कुठल्या वंशाचं हे बघितलं गेलं, आणि वंश धरला जायचा वडिलांचा. वडील चिनी असतील तर मुलाची मातृभाषा मँडरिन. मलाय असतील तर मलाय. भारतीय असतील तर तमिळ.

म्हणजे होक्किएन बोलणाऱ्या घरातलं सहा वर्षांचं पोर शाळेत जायचं आणि तिथे त्याला सांगितलं जायचं की तुझी मातृभाषा मँडरिन आहे. ती त्याने आईच्या तोंडून कधी ऐकलेलीच नसायची. जोडीला इंग्रजी होतीच, आणि तीही घरात नसायची.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. उपपंतप्रधान गोह केंग स्वी यांच्या समितीने शिक्षणव्यवस्थेची तपासणी केली. १९७९ मध्ये अहवाल बाहेर आला. ज्या दोन भाषांमधून शिकवलं जातं त्या सुमारे ८५ टक्के मुलांच्या घरात बोलल्याच जात नाहीत, असं त्यात नोंदवलं होतं. समजा, नाशिकच्या एखाद्या मराठी मुलाला पहिलीपासून रशियन आणि तमिळमधून शिकवायला घेतलं, तर त्याचं जे होईल तेच इथे होत होतं. पोरं मागे पडत होती, नापास होत होती, शाळा सोडत होती.

या अहवालानंतर मुलांची भाषेतली प्रगती बघून तिसरीपासूनच त्यांना वेगवेगळ्या गटांत टाकायला सुरुवात झाली. नऊ वर्षांच्या मुलाला दोन भाषा झेपतात की नाही यावरून त्याची पुढची वाट ठरायला लागली. जी मुलं खालच्या गटात गेली, त्यांच्यावर 'हुशार नाही' असा शिक्का बसला. खरं तर त्यातल्या अनेकांचा दोष एवढाच होता की त्यांच्या घरातली भाषा शाळेला चालत नव्हती.

मग घरातली भाषाच बदला!

घरातली भाषा आणि शाळेतली भाषा जुळत नसेल तर दोन रस्ते असतात. एक, शाळेने घराच्या दिशेने चालायचं. दोन, घराला शाळेच्या दिशेने ओढायचं. सिंगापूरने दुसरा रस्ता धरला.

७ सप्टेंबर १९७९ ला ली कुआन यू यांनी 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली. मँडरिन जास्त बोला, बोली कमी बोला, हा तिचा संदेश. सरकारचा युक्तिवाद असा होता की मुलाच्या डोक्यात जागा मर्यादित असते. इंग्रजी आणि मँडरिन शिकायची असेल तर बोलीचं ओझं उतरवायला हवं. शिवाय वेगवेगळ्या बोली बोलणारे चिनी एका भाषेखाली येतील. आणि चीन आता जगासाठी दारं उघडत होता. तंग श्याओपिंग नोव्हेंबर १९७८ मध्ये सिंगापूरला येऊन गेले होते. पुढे चीनशी व्यापार करायचा तर मँडरिन कामी येणार होती.

मोहीम नुसत्या पोस्टरवर थांबली नाही. हाँगकाँगच्या लोकप्रिय कँटोनीज मालिका मँडरिनमध्ये डब होऊन दिसायला लागल्या. रेडिओवर बोलीत गोष्टी सांगणारे कलाकार गप्प झाले. शाळेत मुलांची नावं मँडरिन उच्चाराप्रमाणे लिहिली जाऊ लागली, त्यामुळे बाप-लेकाचं आडनावही कधी कधी वेगळं दिसायचं. खुद्द ली कुआन यू यांनी १९६० च्या दशकात मतदारांशी बोलता यावं म्हणून खटपट करून होक्किएन शिकून घेतली होती. आता त्यांनीही होक्किएनमधली भाषणं बंद केली.

गावांची, बाजारांची नावंसुद्धा सुटली नाहीत. 'लिटल इंडिया' भागातला तेक्का बाजार सगळ्यांच्या तोंडात बसलेला. १९८० च्या दशकात त्याची नवी इमारत झाली तेव्हा पाटीवर मँडरिन उच्चाराचं 'झूज्याओ' हे नाव लागलं. तिथे भाजी-मासळी घ्यायला येणाऱ्या मलाय आणि तमिळ लोकांना ते म्हणताही येईना. लोक तेक्काच म्हणत राहिले. शेवटी २००० मध्ये सरकारने 'तेक्का' नाव परत दिलं.

दुसरीकडे चिनी, मलाय आणि तमिळ माध्यमाच्या शाळा ओस पडत चालल्या होत्या. सरकारने त्यांना टाळं ठोकलं असं नाही. नोकऱ्या इंग्रजीत आहेत हे पालकांना दिसत होतं आणि ते आपणहून मुलांना इंग्रजी शाळेत घालत होते. चिनी भाषेतलं नानयांग विद्यापीठ १९८० मध्ये दुसऱ्या विद्यापीठात विलीन झालं. १९८७ पर्यंत सगळ्या सरकारी शाळांची पहिली भाषा इंग्रजी झाली.

चाळीस वर्षांनी काय झालं?

मोहीम यशस्वी झाली. इतकी, की तिचा परिणाम एका पिढीत दिसला. १९८० मध्ये चिनी वंशाच्या सुमारे ८० टक्के घरांत मुख्यतः बोली बोलल्या जायच्या. २०२० च्या जनगणनेत घरी मुख्यतः बोली बोलणारे चिनी १२ टक्क्यांच्या आसपास उरले.

पण बोलीची रिकामी झालेली जागा मँडरिनकडे टिकली का? काही काळ टिकली. नंतर तिथे इंग्रजी शिरली. पाच वर्षांवरच्या सगळ्या रहिवाशांचा विचार केला तर घरात सगळ्यात जास्त इंग्रजी बोलणारे २०१० मध्ये ३२.३ टक्के होते. २०२० मध्ये ते ४८.३ टक्के झाले. मँडरिन त्याच काळात ३५.६ वरून २९.९ टक्क्यांवर आली.

ही गोष्ट फक्त चिनी लोकांची नाही. मलाय समाजात घरी मुख्यतः मलाय बोलणारे ८२.७ टक्क्यांवरून ६०.७ टक्क्यांवर आले. भारतीयांमध्ये घरी मुख्यतः तमिळ बोलणारे ३६.७ वरून २७.९ टक्क्यांवर आले. लक्षात घ्या, तमिळ ही तिथली अधिकृत भाषा आहे. नोटांवर तमिळ आहे, संसदेत तमिळ बोलता येतं, 'तमिळ मुरसू' हे दैनिक १९३५ पासून निघतंय, शाळेत तमिळ शिकवलं जातं. भाषेला सरकारकडून मिळायला हवं ते जवळपास सगळं तिला मिळालंय. तरी घरातला तिचा वापर घसरतोय.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. शाळेत मातृभाषा हा एक विषय आहे. सहावीनंतरच्या मोठ्या परीक्षेतल्या चार विषयांपैकी एक. त्यासाठी क्लास लावले जातात, शब्द पाठ केले जातात, पेपर दिला की वही बंद होते. गणित, विज्ञान, मित्र, मोबाइल, पुढची नोकरी, सगळं इंग्रजीत. अशी मुलं मोठी होऊन आई-बाप झाली की ती आपल्या मुलांशी इंग्रजीतच बोलतात.

ली कुआन यू यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात हे मोकळेपणाने मान्य केलं. दोन भाषा सारख्याच ताकदीने प्रत्येकाला येऊ शकतात हा आपला समज चुकीचा होता, सुरुवातीला श्रुतलेखनावर आणि पाठांतरावर दिलेला भर चुकला आणि त्याची किंमत मुलांच्या काही पिढ्यांनी मोजली, असं ते २००९ मध्ये जाहीरपणे म्हणाले. भाषेचा प्रश्न आयुष्यभर पुरला, अशा अर्थाच्या नावाचं त्यांचं पुस्तक २०११ मध्ये आलं.

मग धोरण फसलं म्हणायचं का?

असं सरसकट म्हणता येणार नाही. १९६४ सारख्या भाषिक-वांशिक दंगलींच्या छायेतून हा देश बाहेर पडला. वेगवेगळ्या समाजांची मुलं एका वर्गात एका भाषेत शिकतात. पंधरा वर्षांच्या मुलांची जगभरात जी 'पिसा' चाचणी होते, त्यात २०२२ मध्ये सिंगापूर गणित, विज्ञान आणि वाचन तिन्हींत पहिलं आलं. २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ७४ टक्के प्रौढांना दोन किंवा जास्त भाषा लिहिता-वाचता येतात. घरी मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांपैकीही बहुतेक जण दुसरी एखादी भाषा घरात थोडीफार वापरतात.

म्हणजे जे कमावलं ते मोठं आहे. पण त्याचं बिल कुणी भरलं? ज्या आजीला फक्त होक्किएन किंवा तिओच्यू येत होती तिने. तिचा मुलगा दोन्हीकडचा, तो दुभाष्या झाला. नातू मात्र इंग्रजी आणि परीक्षेपुरती मँडरिन शिकला. आजीने जेवायला वाढायचं, नातवाने मान हलवायची, एवढ्यावर बोलणं संपायला लागलं. तिच्या लहानपणच्या गोष्टी, तिची गाणी, तिचा राग आणि तिचे विनोद, हे सगळं तिच्याजवळच राहिलं. आणि अशाच म्हाताऱ्यांशी बोलायला पुढे सरकारलाच 'जेवलात का?' काढावी लागली.

अलीकडे तिथली काही तरुण मुलं स्वतःहून आजीची बोली शिकायला लागली आहेत. कुणी वर्गाला जातं, कुणी ऑनलाइन शिकतं. काहींच्या बाबतीत आजी असतानाच शिकणं सुरू झालं, काहींच्या बाबतीत नंतर.

सिंगापूरमधल्या मराठी मुलाची 'मातृभाषा' कोणती?

पुण्या-मुंबईतून सिंगापूरला जाऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांची मुलं तिथल्या सरकारी शाळेत गेली की याच सूत्रात बसतात.

भारतीय मुलांसाठी मूळ भाषा तमिळ. त्यामुळे पूर्वी अनेक बिगर-तमिळ भारतीय मुलं मलाय घ्यायची. १९९० च्या सुमारास नियम सैल झाला आणि हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू या आणखी पाच भाषांना मान्यता मिळाली. त्यांचे वर्ग प्रामुख्याने त्या त्या समाजाच्या संस्थांनी उभे केले आणि त्या भाषेचे गुण परीक्षेत धरले जाऊ लागले.

या यादीत मराठी नाही. त्यामुळे मराठी घरातलं मूल शाळेत साधारणपणे हिंदी घेतं आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात 'मातृभाषा' या रकान्यासमोर हिंदी असं लिहिलं जातं. मराठी उरते ती घरात आणि साताऱ्याच्या आजीबरोबरच्या व्हिडिओ कॉलवर. तिथे आई-बाबा मराठी बोलतात की इंग्रजीत वळतात, यावर त्या मुलाचं मराठी ठरतं.

आपल्यासाठी यात काय?

१६ एप्रिल २०२५ ला महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा आदेश काढला. त्यावरून रान पेटलं. सक्तीचा शब्द मागे घेऊन जूनमध्ये सुधारित आदेश आला, तोही टिकला नाही आणि २९ जूनला सरकारने दोन्ही आदेश रद्द केले. त्या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती कुठल्या भाषा आणि किती भाषा याची.

सिंगापूरचा अनुभव सांगतो की त्याआधी विचारायचा एक प्रश्न आहे. मूल घरून कुठली भाषा घेऊन येतं? नंदुरबारमधल्या भिली बोलणाऱ्या, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी पहिलीच्या वर्गातलं मराठी हेच नवं असतं. होक्किएन घरातल्या मुलाला मँडरिन जशी वाटली असेल, तसंच. त्याला मराठी यायलाच हवं, पण ते त्याच्या भाषेचं बोट धरून आलं तर लवकर येतं. आपल्या राज्यघटनेतलं कलम ३५०-अ हेच सांगतं, की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी.

मुलाच्या डोक्यात भाषांसाठी जागा कमी असते, हा ली कुआन यू यांचा समज होता. चार भाषा सहज बोलणारी मुलं मुंबईच्या चाळीत आणि बेळगावच्या गल्लीत पूर्वीपासून आहेत. जागा असते. कमी पडतो तो वेळ. जी भाषा दिवसभरात कानावर पडते आणि जिच्यात मुलाला काहीतरी सांगावंसं वाटतं, ती राहते. बाकीच्या परीक्षेनंतर जातात.

शाळा एखादी भाषा एका पिढीत घरात आणू शकते आणि एका पिढीत घराबाहेरही काढू शकते, हे सिंगापूरने करून दाखवलं. गेलेली भाषा परत आणणं मात्र तिथल्या सरकारलाही अजून जमलेलं नाही. 'जेवलात का?' मालिकेचा पहिला भाग बघणाऱ्या म्हाताऱ्यांना प्रत्येक वाक्य कळत होतं. शेजारी नातू बसला असेल, तर तो खालची अक्षरं वाचत होता.